मालवणला निघण्याआधी तिथी बघा

दिवाळी उरकली की माझा फोन वाजायला लागतो. वर्षभर ज्यांचा पत्ता नसतो अशी माणसंही आवर्जून चौकशी करतात. "तुमचं गाव मालवण ना? नाताळात चार दिवस जायचं म्हणतोय. खोली कुठं घेऊ?" खोलीचं मी सांगतोच, पण आधी विचारतो, "त्या दिवसांत तिथी कोणती आहे?" पलीकडे शांतता. काहींना वाटतं, मी मासे खायचे आणि न खायचे दिवस मोजतोय.

तसं काही नाही. मालवणात बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं भरती-ओहोटीच्या हातात आहे, आणि भरती-ओहोटी तिथीच्या हातात. सुट्टी साहेब देतो, खोली पैसे देऊन मिळते, पण देवबागचं वाळूचं बेट दुपारी बारा वाजता पाण्याबाहेर असेल की पाण्याखाली, हे भिंतीवरचं कॅलेंडरच सांगतं.

हिशेब आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. तिथून सव्वासहा तास पुढेमागे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पाणी सगळ्यात मागे गेलेलं. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी किनारा पाण्याने भरलेला आणि संध्याकाळी साडेपाचला मैदानासारखा मोकळा. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीचा बेत ठरवायला एवढं पुरेसं आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी.

हे न बघता गेलं की काय होतं, ते माझ्याच पुण्याच्या नातेवाइकांनी अनुभवलं. पौर्णिमेच्या दिवशी, जेवणाआधी उरकून घेऊ म्हणून, देवबागहून होडी करून ती मंडळी त्सुनामी आयलंड बघायला गेली. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं वाळूचा हा पट्टा आहे. होडी थांबली. चहूबाजूंना पाणीच पाणी. "बेट कुठं आहे?" काकांनी विचारलं. होडीवाला शांतपणे म्हणाला, "बेट आसा हो, पण पाण्याखाली." कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो काढले आणि परत आले. चतुर्थी ते षष्ठी या दिवसांत सकाळी गेली असती तर त्याच पैशांत कोरड्या वाळूवर चहा प्यायली असती.

तेव्हा बेत असा आखा. बेटावर किंवा दांडी किनाऱ्यावरून पद्मगडाकडे जायचं तर ओहोटीची वेळ धरा. पद्मगडाला ओहोटीत चालत जाता येतं, मात्र भरती लागायच्या आत परत फिरायचं. तिथं रमून बसलात तर मागची वाट पाणी खाऊन टाकतं. तारकर्लीला संध्याकाळी लांबवर चालायचं असेल तर पौर्णिमा उत्तम. पाणी मागे सरकलेलं, ओली वाळू आरशासारखी, पश्चिमेला सूर्य बुडतोय आणि पाठीमागून चंद्र वर येतोय. यासाठी तिकीट नाही.

आता सिंधुदुर्ग किल्ला. मालवणच्या धक्क्यावरून होडीने पाऊण तास लागेल असं समजून लोक तयारीत येतात आणि पंधरा मिनिटांत पोचतात. खरी अडचण पुढे असते. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात आणि तासात हा किल्ला होत नाही. कुरटे बेटावर 48 एकरांत पसरलेला, तीन किलोमीटरच्या वर तटबंदी असलेला हा किल्ला आहे. 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी त्याची पायाभरणी केली, त्या वेळची पूजा किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी झाली. काम तीन वर्षं चाललं. त्यामुळे होडीत बसण्याआधीच, "आम्हाला दोन तास लागतील, पुढच्या खेपेला येऊ" असं ठरवून घ्या. बहुतेक वेळा जमतं. सकाळी पहिल्या खेपांना गेलात तर गर्दीही नसते आणि तटाचा दगड तापलेलाही नसतो.

आत काय बघाल? आधी महाद्वारच बघा. समुद्रातून येणाऱ्याला ते दिसतच नाही. दोन बुरुजांच्या वळणात असं दडवलंय की अगदी जवळ जाईपर्यंत नुसती भिंत वाटते. मग शिवराजेश्वर मंदिर. राजाराम महाराजांनी 1695 मध्ये ते बांधलं. तिथली शिवाजी महाराजांची बैठी मूर्ती आपल्या ओळखीच्या रूपाची नाही, चेहऱ्यावर दाढी नाही. पोरांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "हे कोण?" असं मोठ्यानं विचारतात. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे तटावर छोट्या घुमट्यांखाली आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींपाशी थांबा. चहूकडून खारं पाणी आणि मध्ये गोडं. त्या विहिरींवर आजही किल्ल्यातल्या मोजक्या घरांचं चालतं. हो, किल्ल्यात माणसं राहतात. त्यांच्या पडवीत न विचारता शिरू नका आणि त्यांच्या वाळवणाचे फोटो काढत बसू नका. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत सिंधुदुर्ग आहे. त्यानंतर गर्दी वाढली आहे, ती नुसती सेल्फीची न होवो.

होड्यांचा हंगाम ध्यानात ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात किल्ल्याची होडीवाहतूक आणि पाण्यातले खेळ बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत. जूनमध्ये येऊन "पाच हजार खर्चून आलो आणि किल्ला नाही" म्हणून धक्क्यावर भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. पावसाळ्यात या, जरूर या, पण धामापूरचा तलाव बघायला, आंबोलीच्या घाटात भिजायला आणि झोपायला या. धामापूरचा तलाव 1530 चा आहे, काठावर भगवतीचं देऊळ आहे, आणि कुडाळहून नेरूरपारमार्गे मालवणला येताना तो वाटेतच लागतो. आमच्याकडची सगळ्यात शांत जागा विचाराल तर मी तीच सांगेन.

हंगामातही एखाद्या दिवशी वारा सुटला की होडी बंद. "आज नाय जमाचा, वारो सुटलो हा," असं होडीवाल्यानं म्हटलं की वाद घालू नका आणि दुप्पट पैसे देऊन तयार होणारा दुसरा शोधू नका. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. लाइफ जॅकेट अंगावर आणि पट्टे आवळलेले, बोटीत माणसं मोजकी, एवढं तुमच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. जॅकेट गरम होतं म्हणून मांडीवर घेऊन बसलेला माणूस बोट उलटल्यावर ते घालू शकत नाही.

स्कूबा करायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले, आणि त्यातही सकाळ. दुपारनंतर वारा उठतो, पाणी ढवळतं, खालचं काही नीट दिसत नाही. पोहता आलं नाही तरी चालतं, कारण प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो. पण दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल किंवा नाक चोंदलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. कानात दडा बसला की लगेच खूण करून वर यायचं, हे पाण्यात उतरण्याआधी दोनदा ऐकून घ्या. पोटभर थाळी खाऊन बोटीत बसण्याचा पराक्रम करू नका. आणि मोपा किंवा चिपीहून विमानाने परतणार असाल तर एका डाइव्हनंतर किमान 12 तास, जास्त डाइव्ह केले तर 18 तास विमानात बसायचं नाही. शेवटच्या सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान, असा बेत एजंट हमखास करून देतात. तो तुम्ही मोडा.

खाली प्रवाळ दिसलं तर त्यावर उभं राहू नका, तुकडा तोडून घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला वाघाइतकंच वरचं संरक्षण आहे. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, हे इथं रोज बोट चालवणाऱ्यांनाही आठवण करून द्यावं लागतं.

पोहण्याबद्दल एवढंच सांगतो. देवबागच्या संगमावर पोहायचं नाही. ओहोटीत नदीचं पाणी समुद्राकडे धावत असतं. वरून शांत दिसतं, पायाखालून खेचतं. तारकर्लीला, चिवल्याला पोहा, पण कमरेएवढ्या पाण्यात आणि उजेड असेपर्यंत. प्रवाहात ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने हात मारत दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग आत या. फोनमध्ये 112 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे दोन आकडे असू द्या. आणि गाडी वाळूवर नेऊ नका. दर डिसेंबरात एकतरी गाडी चाकं रुतून भरतीच्या तोंडी उभी असते आणि तिला ओढायला तीच मासेमार मंडळी येतात ज्यांच्या जाळ्याच्या दोरावरून ती गेलेली असते.

जाळ्यावरून आठवलं. सकाळी लवकर उठणार असाल तर रापण बघा. होडी समुद्रात अर्धवर्तुळ काढत जाळं टाकते, दोन टोकं किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस माणसं दोर ओढायला लागतात. दोर कमरेला टेकवून एक एक पाऊल मागे. तासभर तरी लागतो. मग जाळ्याचा पोटाकडचा भाग पाण्यातून वर यायला लागला की आवाज वाढतो, घारी घिरट्या घालायला लागतात, टोपल्या घेऊन बायका जवळ सरकतात. कधी बांगड्यांचा ढीग निघतो, कधी जेलीफिश आणि दोन पिशव्या प्लास्टिक. हात लावायचा असेल तर विचारा, कुणी नाही म्हणत नाही. मात्र ताणलेला दोर ओलांडू नका, आणि जाळं वर आल्यावर माशांच्या वाटण्या होईपर्यंत मध्ये नाक खुपसू नका. ते त्यांचं पगाराचं पाकीट आहे.

मग ताटाकडे वळू. मालवणला येऊन मेनूकार्ड वाचणं ही पहिली चूक. "आज काय गावलं?" एवढंच विचारायचं. सगळ्यांना सुरमई आणि पापलेट हवं असतं, म्हणून ते बर्फातलं का होईना तुमच्यापुढे येतंच, आणि बिल वाचताना घास अडकतो. "सुरमय नाय गावली, बांगडे मात्र ताजे आसत," असं मालकीण म्हणाली तर तिचे आभार माना आणि बांगडे मागवा. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि उकडा भात, याच्यापुढे पापलेट फ्राय मला तरी पाहुण्यासारखं वाटतं. पेडवे, मुडदुशे, सौंदाळे ही नावं ऐकली नसतील तर तीच मागा. तिसऱ्यांचं सुकं, कुर्ल्यांचं सांबारं जमलं तर एकदा खा. सोलकढी जेवणाआधी नाही, शेवटी.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत मोठी सुरमई ताटात आली तर ती कुठून आली याचा विचार करा. खाडीचे मासे मिळतात, सुके मिळतात, कोंबडी-वडे तर बारमाही आहेत. शाकाहारी माणसांनी घाबरू नये. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, फेब्रुवारी-मार्चात ओल्या काजूची उसळ, खापरोळी. खापरोळी म्हणजे जाळीदार आंबोळीसारखी, ती नारळाच्या दुधाच्या गोड रसात बुडवून खायची. हॉटेलांत ती क्वचितच मिळते. घरगुती राहण्याच्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवा.

म्हणून राहायला मी घरंच सुचवतो. निवास-न्याहारीची सोय असलेली घरं मालवणात, तारकर्लीत, देवबागात पुष्कळ आहेत. सोबत म्हातारी माणसं असतील तर गावातच राहा. बाजार, दवाखाना, धक्का सगळं हाताशी. समुद्र दारात हवा असेल तर सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र हवा असेल तर त्याहून पुढे देवबाग, पण तिथं फोनची रेंज जाते-येते आणि रात्री काही विसरलं तर गावात यावं लागतं. फोनवर तीन गोष्टी विचारा. समुद्र चालत किती मिनिटांवर, वीज गेली तर पंखा चालतो का, आणि जेवण घरचं आहे की बाहेरून येतं. "सी फेसिंग" या शब्दावर विश्वास ठेवू नका, आमच्याकडे माडाच्या फटीतून दिसणारा समुद्रही त्यात धरतात. रोख पैसे जवळ ठेवा.

यायचं कसं, हे थोडक्यात. मालवणला रेल्वे स्टेशन नाही. कुडाळ, कणकवली किंवा सिंधुदुर्गनगरीला उतरायचं आणि पुढे एसटी किंवा रिक्षा, तास-सव्वा तास. रात्रीची कोकणकन्या आणि तुतारी सोयीच्या, कारण त्या दिवसाउजेडी आणून सोडतात. वंदे भारत कणकवलीला थांबते. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, आणि सुट्टीच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, त्यामुळे जुनी वेळ धरून रिक्षा ठरवू नका. कोल्हापूरकरांनी करूळ किंवा फोंडा, बेळगावकरांनी आंबोली धरावा. घाट चालू आहे का हे निघायच्या सकाळी विचारा, आदल्या आठवड्यात नाही. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा आणि परतीची रिक्षा आदल्या रात्री सांगून ठेवा.

कॅलेंडरात आणखी काही दिवसांवर फुली मारा. गणपतीत येऊ नका. सगळी मुंबई गावी आलेली असते, गाड्यांना मुंगी शिरायला जागा नसते, आणि तुमच्यासाठी रांधणारी माणसंही स्वतःच्या घरच्या गणपतीपुढे बसलेली असतात. कुणी घरी बोलावलं तर मात्र सगळं सोडून या. मसुऱ्याजवळ आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा फेब्रुवारी-मार्चात भरते. तिला ठरलेली तिथीच नसते, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि लाखो लोक येतात. दर्शनाला येणार असाल तर उत्तम, शांत समुद्र हवा असेल तर त्या आठवड्यात तोंड दुसरीकडे वळवा. डिसेंबरात चिवल्यावर समुद्री जलतरण स्पर्धा असते, तेव्हाही खोल्या मिळत नाहीत. आचरा आणि चिंदरला तर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की अख्खं गाव, गुराढोरांसह, तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. आचऱ्याला खोली घेणाऱ्यांनी एवढं तरी विचारून घ्यावं, नाहीतर मालकासोबत माळावरच्या झोपडीत राहावं लागेल. तो अनुभव वाईट नाही म्हणा.

उलट नारळी पौर्णिमा जमली तर चुकवू नका. होड्या बंद असल्या तरी बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो आणि बाजारात नारळ लढवायला जी झुंबड उडते ती दुसरीकडे पाहायला मिळत नाही. आणि हिवाळ्यात कुठल्या गावात दशावतार आहे हे मालकिणीला विचारत राहा. मध्यरात्री सुरू होतो, पहाटे संपतो. शाल न्या, डास असतात म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि दुसऱ्या सकाळी काही ठरवू नका.

परतीच्या सामानाचंही सांगून ठेवतो. कोकमाच्या आगळाची बाटली कपड्यांच्या बॅगेत कधीही ठेवू नका, तो डाग निघत नाही. दोन पिशव्यांत बांधून हातात घ्या. आमसुलं वाळलेली बघून घ्या. आणि आल्या-गुळाचा मालवणी खाजा शेवटच्या दिवशी, गाडीला निघतानाच विकत घ्या. पहिल्या दिवशी घेतलेला खाजा आजवर कुणाच्याही घरी पोचलेला मी पाहिलेला नाही.